त्यात सहा मिळव

"अजून चार तास थांबा," असं कॉम्प्युटरनं मला सांगितलं.

"मग थांब की," अप्पा म्हणाले. "जेवून घे. आज वालाचं बिरडं आहे."

मी आयुष्यभर कॉम्प्युटरच दुरुस्त करत आले आहे. कॉम्प्युटर 'नाही' म्हणतो, 'सापडत नाही' म्हणतो, कधीकधी काहीच न बोलता काळा पडतो. हे सगळं अंगवळणी पडलं आहे. पण सरकारी खिडकीतल्या माणसासारखं 'आत्ता नाही, नंतर या' हे उत्तर ऐकून माझं डोकंच फिरलं. शिवाय ते अप्पांना पटलं, याचा राग वेगळा.

आधी सांगते, मी तिथे कशाला गेले होते.

नवी मुंबईत मी एका डेटा सेंटरमध्ये नोकरी करत होते. डेटा सेंटर म्हणजे थंडगार खोलीत ओळीनं मांडलेले शेकडो कॉम्प्युटर आणि त्यांच्या तैनातीला स्वेटर घातलेली माणसं. नोकरी सोडून श्रीवर्धनला घरी आले, आणि आता आजूबाजूच्या लॉजवाल्यांची, होमस्टेवाल्यांची कामं करते. वायफाय जात नाही, बुकिंग उघडत नाही, सीसीटीव्हीत फक्त कोळ्याचं जाळं दिसतं, असली कामं. लोक मला मॅडम म्हणतात. अप्पा मात्र 'अगो' म्हणतात, कारण माझ्या सासऱ्यांचे ते शाळूसोबती.

अप्पांचं लॉज हरिहरेश्वरला. रस्त्याला लागून ऑफिस आणि खोल्या, मागे नारळी-पोफळीची वाडी, आणि वाडीच्या पार दुसऱ्या टोकाला स्वयंपाकघर. तिथे सुमाकाकूंचं राज्य. काकू म्हणजे अप्पांची बायको. लॉज चालतं ते काकूंच्या हातच्या जेवणावर, हे गावात सगळ्यांना माहीत आहे. अप्पांनाही माहीत आहे, पण ते तसं बोलून दाखवत नाहीत.

भानगड अशी की, आज किती माणसं जेवणार, नाश्त्याला किती, उपासाचे किती, ही यादी ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर. आणि स्वयंपाक वाडीच्या पलीकडे. वाडीत मोबाइलला रेंज नाही. अप्पा विहिरीपाशी येऊन ओरडून आकडा सांगतात. समुद्राकडून वारा असला की आवाज पोचत नाही. मग काकू पदर खोचून स्वतः वाडी ओलांडून येतात, यादी बघतात, परत जातात. दिवसातून कितीतरी वेळा. आणि काकूंचे दोन्ही गुडघे गेलेले.

शेवटी काकूंनी निर्वाणीचं सांगितलं. स्वयंपाकघरात प्रिंटर लावा, म्हणजे यादी तिथेच छापून येईल. अप्पांनी काशीदच्या एका बंद पडलेल्या रिसॉर्टमधून जुना प्रिंटर स्वस्तात उचलला. तो महिनाभर खोक्यातच पडून होता. त्या दिवशी सकाळी ऑफिसातून काकूंचा मला फोन आला.

"आज रात्री पुण्याहून साठ माणसं येतायत, कुलाचाराला. दोन बस भरून. बारानंतरच पोचतील आणि सकाळी उठून नाश्ता मागतील. प्रिंटर आजच्या आज लागला नाही, तर मी संध्याकाळच्या एसटीनं म्हसळ्याला आणि तिथून तळा गावी भावाकडे. बॅग भरलेली आहे."

मला वाटलं, बोलण्याची पद्धत. जाऊन बघते तर स्वयंपाकघराच्या पायरीवर खरोखरच बॅग. वर छत्रीसुद्धा.

"काकू, होईल हो," मी म्हणाले.

"होऊ दे. झालं की बॅग आत नेते," काकू म्हणाल्या आणि नारळ खवायला बसल्या.

प्रिंटरला वायर पोचली होती, नेटवर्क होतं. ऑफिसातल्या कपाटात एक जुना कॉम्प्युटर सर्व्हर म्हणून चालू होता. बुकिंगचा प्रोग्रॅम त्याच्यावर. काउंटरवरच्या कॉम्प्युटरमधून अप्पा फक्त तो उघडून बघतात. सर्व्हरवर लिनक्स होतं, पुण्याच्या कुठल्याशा कंपनीनं बसवून दिलेलं. मला एवढंच करायचं होतं, की या जुन्या प्रिंटरचा ड्रायव्हर सर्व्हरवर टाकायचा. ड्रायव्हर म्हणजे सर्व्हर आणि प्रिंटर यांच्यामधला दुभाषा. एका ओळीची कमांड असते. चहा येईपर्यंत होणारं काम.

कमांड दिली. उत्तर आलं, फाइल सापडत नाही.

यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. मी 'ॲप्ट अपडेट' करायचं ठरवलं. मागे खुर्ची घेऊन अप्पा बसलेच होते.

"अपडेट म्हणजे नवीन सगळं भरणार तू? माझं बुकिंग उडेल!"

"नाही अप्पा. काही भरत नाही. तुमच्या जेवणाच्या खोलीत तो फळा आहे ना?"

अप्पांकडे एक काळा फळा आहे. त्यावर ते रोज सकाळी खडूनं पदार्थ लिहितात. घावन, आंबोळी, बिरडं, फणसाची भाजी, सोलकढी.

"फळ्यावर फणसाची भाजी लिहिलीय, पण फणस परवाच संपला. गिऱ्हाइकानं मागितली तर काय होईल?"

"हिच्या शिव्या खाव्या लागतील."

"तेच आत्ता झालं. या कॉम्प्युटरकडे एक यादी असते. कुठलं सॉफ्टवेअर कुठे मिळेल, सध्या कितवी आवृत्ती आहे, याची. तुमची यादी वर्षापूर्वीची आहे. त्यातला ड्रायव्हर आता त्या जागी नाही, नवा आलाय. अपडेट म्हणजे फळा पुसून आजचे पदार्थ लिहायचे. खायला कोणी बसत नाही अजून."

"म्हणजे तू फक्त फळा पुसणार?"

"हो."

"आणि त्याला तुम्ही पोरं इंजिनियर होता?"

मी कीबोर्डकडे वळले. कमांड दिली. ओळी सरसर वर गेल्या, आणि शेवटी ते लाल अक्षरांतलं उत्तर आलं. जी यादी तुम्ही मागवली आहे ती अजून वैध झालेली नाही, साधारण चार तासांनी होईल, म्हणून ती लावत नाही.

तर अशा रीतीनं मी आणि अप्पा बिरड्याच्या मुद्द्यावर आलो होतो.

मी थांबणाऱ्यातली नाही. आधी इंटरनेट तपासलं. ठणठणीत. मग यादी जिथून येते तो पत्ता, आमच्या भाषेत मिरर, बदलून दुसऱ्या देशातला टाकला. त्यानंही तेच सांगितलं, फक्त तासाचा फरक. मग राउटर बंद करून चालू केला. या क्षेत्रात काही सुचेनासं झालं की आम्ही हेच करतो, आणि चेहरा गंभीर ठेवतो.

मग मी घड्याळ बघितलं. हे मुद्दाम सांगते, नाहीतर माझ्या व्यवसायातले लोक म्हणतील, बाईनं घड्याळच बघितलं नाही. यादीवर ती कधी तयार झाली याचा शिक्का असतो. कॉम्प्युटरचं घड्याळ मागे असेल तर त्याला वाटतं, ही यादी उद्याची दिसते, काहीतरी काळंबेरं आहे, आणि तो ती नाकारतो. म्हणून मी वेळ विचारली. बाहेर अकरा वाजून गेले होते. सर्व्हरनं पाच वाजून गेले असं सांगितलं.

मी समाधानानं मान हलवली. कारण जगातले निम्मे सर्व्हर लंडनच्या बाजूच्या जागतिक वेळेवर लावलेले असतात. आपली वेळ तिच्यापुढे साडेपाच तास. अकरातून साडेपाच गेले की साडेपाच उरतात, म्हणजे जवळपास बरोबर. वेळेच्या पुढे 'भारतीय' असं स्पष्ट लिहिलेलं होतं. ते वाचायचे कष्ट मी घेतले नाहीत. डेटा सेंटरमधून आलेल्या माणसाला काही गोष्टी माहीतच असतात.

"मॅडम, जेवाय चला," मंदाताई सांगायला आली. ती काकूंच्या हाताखाली असते, घावन तिच्यासारखे कोणी घालत नाही. "काकूनी सांगितलंय, उपाशी माणसाकडनं काय काम व्हनार न्हाय."

"काकू अजून रागावल्यात?"

"बॅगेत आता लोणच्याची बरणी बी ठेवली."

ही प्रगती चिंताजनक होती. लोणच्याची बरणी माणूस धमकीसाठी भरत नाही.

जेवले. बिरडं अप्रतिम होतं, आणि त्यामुळे मला जास्तच वाईट वाटलं. उद्या सकाळी साठ माणसं या पाटांवर बसणार आणि समोर अप्पांच्या हातचा उपमा येणार. अप्पांचा उपमा मी एकदा खाल्ला आहे. काकू वाढत होत्या, पण माझ्याकडे बघत नव्हत्या. त्यांचा हात गुडघ्यावर होता. आमटी वाढायला वाकताना त्यांनी श्वास रोखून धरला.  त्या बाईला खरंच हवं होतं ते फार मोठं नव्हतं. एक कागद, स्वयंपाकघरात.

परत आले. वायरी तपासता तपासता चार तास सरले, अप्पांच्या शब्दाला मान म्हणून पुन्हा कमांड दिली. पुन्हा तेच. पुन्हा काही तास थांबा.

"असं कसं?" अप्पांनाही राग आला. "मघाशी चार म्हणाला होता ना? शब्दाला काही किंमत?"

याचं कारण साधं होतं. यादी दिवसातून बऱ्याच वेळा नवी निघते. मधल्या चार तासांत सकाळची यादी वैध झाली होती, पण तोवर दुपारची निघाली होती. म्हणजे कितीही थांबलं तरी आम्ही आपले मागेच. हे मला तेव्हा कळलं असतं तर मी शहाणी ठरले असते. तेव्हा मी ठरवलं की दोष त्या परदेशी लोकांचा आहे.

शेवटी नवी मुंबईतल्या माझ्या जुन्या बॉसना फोन लावला. मोठा माणूस. बँकांचे सर्व्हर सांभाळतात. ऑफिसच्या दाराबाहेर, पायरीच्या डाव्या कोपऱ्यात रेंज येते, तिथे लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले. अप्पा आत झोपाळ्यावर.

"बोल. किती सर्व्हर डाऊन आहेत?" बॉस.

"एक, सर. लॉजचा. प्रिंटर लावायचाय."

 मग मी सगळं सांगितलं.

"क्लॉक देखा?"

"हो सर. जागतिक वेळेवर आहे."

"फिर ठीक है. मिरर बदल के देख. प्रॉक्सी है क्या बीच में?"

"नाही सर. सगळं झालं."

"अच्छा, एक बार टाइम पढ के सुना मुझे."

मी लॅपटॉपवर सर्व्हरची वेळ बघून मोठ्यानं वाचलं, "दहा वाजून दहा मिनिटं."

आतून झोपाळ्याच्या कड्या करकरल्या.

"त्यात सहा मिळव," अप्पा म्हणाले.

"साडेपाच, अप्पा," मी मान न वळवता म्हणाले. "जागतिक वेळ असते ती. साडेपाच मिळवायचे."

"जागतिक गेली खड्ड्यात. सहा. मीच मागे केलेत."

 मी मनगटावरचं घड्याळ बघितलं. चार वाजून दहा मिनिटं. दहा आणि सहा सोळा. साडेपाच मिळवले असते तर तीन चाळीस आले असते, आणि हे गणित करायला मला सकाळपासून वेळ मिळाला नव्हता.

"कौन बोला ये?" बॉसनी विचारलं.

"क्लायंट, सर. नंतर फोन करते."

मी आत गेले. अप्पा निवांत झोके घेत होते.

"अप्पा, तुम्ही सर्व्हरचं घड्याळ सहा तास मागे केलंत?"

"होय."

"का?"

"दिवस सूर्योदयाला सुरू होतो म्हणून."

त्यांच्या आवाजात संकोच नव्हता, उलट शिकवल्यासारखा सूर होता. मी खुर्ची ओढून बसले. अप्पांनी सगळं उलगडून सांगितलं, आणि मला कबूल करावं लागलं की, त्या माणसाच्या डोक्यात गोंधळ नव्हता.

यात्रेकरू लांबून येतात. घाट उतरून पोचेपर्यंत रात्रीचा एक, दोन वाजतो. अप्पा झोपेतून उठून त्यांना खोली देतात, नाव कॉम्प्युटरमध्ये घालतात. पण बारा वाजले की कॉम्प्युटरची तारीख बदललेली. सकाळच्या नाश्त्याची यादी निघते ती आदल्या तारखेपर्यंत आलेल्यांची. त्यामुळे रात्री एक वाजता आलेलं कुटुंब यादीत नाही. सकाळी ती माणसं पानावर येऊन बसायची आणि घावन कमी पडायचे.

"एकदा एक म्हातारे गृहस्थ नुसता चहा पिऊन अभिषेकाला गेले," अप्पा म्हणाले. "देवाच्या दारी आलेला माणूस माझ्याकडून उपाशी गेला. मग मी त्या पुण्याच्या कंपनीला फोन केला. म्हटलं, अर्ध्या रात्री कसली तारीख बदलते? आपल्याकडे तिथी सूर्योदयाची धरतात. त्याला फोन ठेवायची घाई होती. त्यानं मला दोन ओळी टाइप करायला सांगितल्या. घड्याळ सहा तास मागे. आता कॉम्प्युटरचे बारा वाजतात तेव्हा सकाळचे सहा वाजलेले असतात. त्या दिवसापासून एक माणूस उपाशी राहिला नाही."

"मग मला सकाळी का नाही सांगितलंत?"

"तू विचारलंस का? तू तर फळा पुसत होतीस."

आता माझी पंचाईत झाली. घड्याळ बरोबर केलं की यादी येणार, ड्रायव्हर येणार, प्रिंटर चालणार, काकू राहणार. पण आज रात्री बारानंतर येणारी साठ माणसं उद्याच्या तारखेत जाणार, आणि काकूंच्या नव्या प्रिंटरवर सकाळच्या नाश्त्याची कोरी यादी छापून येणार. घड्याळ तसंच ठेवलं तर यादी अचूक, पण ती अप्पांनी विहिरीपाशी ओरडून सांगायची, आणि ऐकायला काकू नाहीत.

"तू तेवढ्यापुरतं पुढे कर," अप्पांनी तोड सुचवली. "काम झालं की परत मागे."

अगदी खरं सांगते, हा विचार माझ्याही मनात आला होता. पण मग पुढच्या वेळी आणखी कोणीतरी येणार, त्या पायरीच्या कोपऱ्यात बसणार, आणि झोपाळ्यावरून कोणी बोललं नाही तर तिथेच म्हातारा होणार. तारखेची ती तपासणी बंद करायची सोयही असते. पण ती तपासणी चोरांसाठी ठेवलेली असते. जुनी किंवा बनावट यादी कोणी गळ्यात मारू नये म्हणून. कडी काढून ठेवायची आणि वर कुलूप लावलंय म्हणायचं, हे मला जमत नाही.

मी बुकिंगच्या प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये शिरले. चार पानं ओलांडल्यावर, जिथे कोणी माणूस सहसा जात नाही अशा तळाशी, एक चौकट होती. 'दिवसाची सुरुवात किती वाजता?' त्यात रात्रीचे बारा लिहिलेले होते.

लॉजचे, हॉटेलचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना हे माहीत असतं. माणसं रात्री-अपरात्री येतात, म्हणून धंद्याचा दिवस हवा तेव्हा सुरू करता येतो. फोन ठेवायची घाई असलेल्या त्या माणसानं ही चौकट कधी बघितलीच नव्हती.

मी तिथे सकाळचे सहा घातले. अप्पा चष्मा लावून जवळ आले आणि त्यांनी ती चौकट दोनदा वाचली.

"म्हणजे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला पण माझंच म्हणणं मान्य होतं," ते म्हणाले.

"हो, अप्पा."

"मग पहिल्यांदाच सहा का नाही लिहून दिले?"

मी सर्व्हरचं घड्याळ पुढे आणलं आणि यापुढे त्यानं वेळ इंटरनेटवरून आपली आपण जुळवावी असं सांगून ठेवलं. मग पुण्याच्या साठ माणसांचं बुकिंग रात्री दीडचं म्हणून घालून बघितलं. ते आजच्याच तारखेत गेलं आणि सकाळच्या नाश्त्यात दिसलं. अप्पांनी मान डोलावली. मग 'ॲप्ट अपडेट'. ओळी सरसर गेल्या, या खेपेला लाल काही नाही. ड्रायव्हर आला, बसला. सगळं मिळून चहा येईपर्यंत झालं. सकाळी म्हटलं होतं तसंच, फक्त चहा संध्याकाळचा होता.

मी छापण्याचं बटण दाबलं आणि आम्ही दोघं वाडीतून स्वयंपाकघराकडे निघालो. अप्पा जवळजवळ धावत होते. अर्ध्या वाटेतच मंदाताईचा आवाज आला, "काकू, कागूद आला! साठ मानसं हायत, नऊ उपासाची!"

काकू उठल्या नाहीत. बसल्या जागी हात पुढे केला, कागद घेतला, लांब धरून वाचला. मग अप्पांकडे बघितलं. मग मंदाताईला म्हणाल्या, "ती बॅग आत ने. आणि बरणी परत फडताळात ठेव." मी तोंड फिरवून पोफळी बघत राहिले, कारण मला हसूही येत होतं आणि डोळेही भरून आले होते.

बॉसना फोन करून सांगितलं. ते बराच वेळ हसले, मग म्हणाले, "इसको ट्रेनिंग में डालूंगा." तेव्हापासून मी कुठेही गेले की वायर, राउटर, इंटरनेट यांच्या आधी एकच प्रश्न विचारते, या घड्याळाला कोणी हात लावलाय का? आणि तो कॉम्प्युटरला विचारत नाही. घरातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या माणसाला विचारते.

आठवड्यानं अप्पांचा फोन आला. आवाज पडलेला.

"प्रिंटर बंद पडला का?"

"छे. फार छान चालतो," अप्पा म्हणाले. "ही तळ्याला गेली."

"काकू? पण सगळं तर नीट झालं होतं!"

"तेच. म्हणाली, यादी छापून येते, मंदा वाचते, सगळं सुरळीत चाललंय. आता माझ्यावाचून काही अडत नाही, तर भावाकडे जरा राहून येते. गुडघ्याला विश्रांती. कधी येणार विचारलं तर म्हणाली, बघू."

 मग आवाज खाली आणून म्हणाले, "अगो, तो प्रिंटर थोडासा बिघडेल असं काही टाकता येतं का गो?"

मी म्हटलं, अप्पा, आत्ताच यादी नवी करून बघितली. तसलं काही त्यात नाही.